पट्टे मोजणारा मासा

खाऱ्या पाण्याचे मासे विकणाऱ्या दुकानात गेलात, तर क्लाउनफिशच्या टाक्यांपुढे तुमचे पाय आपोआप थांबतील. एकाच्या अंगावर पांढरे ओघळ आलेले, त्याचं नाव स्नोफ्लेक. दुसऱ्याचे पट्टे फुगून एकमेकांना चिकटलेले, तो पिकासो. तिसरा जवळजवळ सगळाच पांढरा, तो प्लॅटिनम. आणि बाजूच्या टाकीत आपला ओळखीचा, सिनेमातल्या निमोसारखा : नारिंगी अंग, तीन पांढरे पट्टे, पट्ट्यांना काळी किनार. किमती विचारल्यात तर हा साधा सगळ्यांत स्वस्त निघेल.

मग घरी कोणता आणायचा? मी म्हणेन, साधा. पैसे वाचतात म्हणून नाही बरं का! त्या तीन पट्ट्यांचा उद्योग एकदा कळला, की तुम्हालाही तोच आवडायला लागेल.

पहिली गंमत ही, की पांढऱ्या पट्ट्यात पांढरा रंग नसतोच. तिथल्या पेशींमध्ये अगदी बारीक स्फटिक असतात. ते प्रकाश परत फेकतात आणि आपल्याला पांढरं दिसतं. नारिंगी आणि काळ्या पेशींमध्ये मात्र खरोखर रंगद्रव्य असतं. पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा पारदर्शक असतं. साधारण अकराव्या दिवशी त्याच्या अंगावर पहिले दोन पट्टे उमटतात आणि त्यानंतर तीनेक दिवसांनी तिसरा. सुरुवात नेहमी डोक्याकडून, शेवट शेपटीकडे.

आता हे पट्टे कशासाठी? जपानमधल्या ओकिनावा बेटावर किना हायाशी नावाच्या संशोधक आहेत. त्यांनी ओसेलॅरिस जातीचे क्लाउनफिश अंड्यापासून टाकीत वाढवले. म्हणजे या माशांनी दुसऱ्या कुठल्याही जातीचा क्लाउनफिश जन्मात पाहिला नव्हता. मग त्यांच्यासमोर वेगवेगळ्या जातींचे मासे ठेवले, कॅमेरा लावला आणि पाहिलं, की कोणावर ते सर्वांत जास्त चिडतात. उत्तर निघालं : स्वतःच्याच जातीवर! तीन पट्टेवाला दिसला की त्याच्याकडे रोखून बघायचं, त्याच्याभोवती घिरट्या घालायच्या. ज्याच्या कुशीवर पट्टेच नाहीत, त्याच्याकडे मात्र फारसं लक्ष नाही. नंतर हायाशींनी प्लॅस्टिकचे रंगवलेले मासे ठेवले : बिनपट्ट्याचा, एक पट्ट्याचा, दोनाचा, तिनाचा. कोऱ्या नारिंगी माशाकडे क्लाउनफिश ढुंकून बघेनात आणि तिनाच्या माशावर मात्र तुटून पडले. दोनाचा मासाही त्यांना खपला नाही. तुम्हाला आठवतंय ना, पिल्लांना आधी दोनच पट्टे येतात? म्हणजे दोनाचासुद्धा आपल्याच जातीचा असू शकतो! २०२४ साली हे संशोधन प्रसिद्ध झालं आणि मासा पट्टे मोजतो ही बातमी जगभर गेली.

पण आपल्याच भाऊबंदांवर एवढा राग का? घर एकच असतं म्हणून. क्लाउनफिश समुद्रफुलात, म्हणजे सी ॲनिमोनमध्ये राहतो. एका समुद्रफुलात एक मादी, एक नर आणि काही लहान मासे. या टोळीत बाहेरून कोणी घुसलं, तर ते घर बळकावणार. दुसऱ्या जातीच्या माशाची भीती त्या मानाने कमी. म्हणून पट्टे बघून ठरवायचं, की हाकलायचा कोणाला.

आणि घराचाही पट्ट्यांवर परिणाम होतो, हे तर मला त्याहून नवल वाटतं. पापुआ न्यू गिनीच्या किम्बे उपसागरात क्लाउनफिशची पर्क्युला जात दोन वेगळ्या प्रकारच्या समुद्रफुलांत राहते. त्यांपैकी एका प्रकारात वाढणाऱ्या पिल्लांना पट्टे लवकर येतात, दुसऱ्यात उशिरा. लवकर पट्टे येणाऱ्या पिल्लांच्या शरीरात थायरॉइडचं संप्रेरक जास्त सापडलं. बेडकाच्या पिल्लाची शेपूट नाहीशी होऊन त्याचा बेडूक होतो, तेही थायरॉइडच्याच संप्रेरकामुळे.

आता दुकानातल्या त्या नवलाईच्या माशांकडे वळू. हॅचरीत, म्हणजे माशांची पैदास करतात तिथे, क्लाउनफिशची एक जोडी एका वेळी शेकडो अंडी घालते. एवढ्या पिल्लांत एखाद्याचा पट्टा तुटका, एखाद्याचा वाकडा निघतोच. माणसं असं वेगळं पिल्लू बाजूला काढतात, वाढवतात, त्याची जोडी लावतात आणि पुन्हा वेगळं पिल्लू निवडतात. यालाच निवडक पैदास म्हणतात. पिकासोची गोष्ट तर छानच आहे. दोन पिकासोंची जोडी लावली, तर साधारण पाव पिल्लं साधी निघतात, निम्मी पिकासो आणि उरलेली पाव प्लॅटिनम! अंगणातल्या गुलबक्षीचं असंच असतं. लाल आणि पांढऱ्या फुलांच्या झाडांपासून गुलाबी फुलांचं झाड होतं आणि त्या गुलाबीच्या बियांतून लाल, गुलाबी, पांढरी अशी तिन्ही झाडं उगवतात. आईकडून एक जनुक, बाबांकडून एक. पट्टे बदलणारं जनुक एकाकडूनच मिळालं तर पिकासो, दोघांकडून मिळालं तर प्लॅटिनम.

असं वेगळेपण समुद्रातही घडतं. ऑस्ट्रेलियात डार्विन शहराजवळच्या समुद्रातले ओसेलॅरिस नारिंगी नसतातच, ते काळे असतात आणि त्यांच्यावर पांढरे पट्टे! तेव्हा वेगळा दिसणारा मासा आजारी असतो, असं मुळीच समजू नका. स्नोफ्लेकही छान जगतो. मला खटकतं ते पुढचं. नक्षी टिकवायला जवळच्या नात्यातल्या माशांच्या जोड्या वारंवार लावल्या, तर नक्षीबरोबर दोषही पुढच्या पिढीत उतरतात. लांबलचक पंखांचे क्लाउनफिशही आता मिळतात, आणि ते मला अजिबात पटत नाहीत. त्या माशाला पोहायचं असतं, त्याने पदर सांभाळत का फिरावं?

मात्र दुकानात शिरताना याहून मोठा प्रश्न विचारायचा असतो : हा मासा टाकीत जन्मलेला आहे, की समुद्रातून पकडलेला? कारण साधा मासा दोन्हीकडून येऊ शकतो. इंडोनेशिया आणि फिलिपिन्समध्ये काही जण पाण्यात सायनाइड सोडून मासे गुंगवतात आणि पकडतात. त्यात आजूबाजूची प्रवाळं मरतात. पकडलेले मासे प्रवासाने खंगतात, खात नाहीत, आजारी पडतात. टाकीत जन्मलेला मासा मात्र घरी आणल्यापासूनच दाणे खातो, त्याला समुद्रफूलही लागत नाही. आणि असे मासे आपल्याकडेही तयार होतात. तमिळनाडूत मंडपमच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केंद्राने क्लाउनफिशची पैदास साधली आहे आणि नवी मुंबईत ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातही हॅचरी आहे.

तेव्हा साधा, पण टाकीत जन्मलेला. घेण्याआधी दुकानदारकाकांना म्हणा, “याला आमच्यासमोर खायला घाला ना!” जो झडप घालून खातो, तो चांगला. कल्ल्यांवरची झाकणं नीट मिटतात ना, तेही दोन्ही बाजूंनी बघा. टाकी मात्र मासा आणण्याआधी महिनाभर तरी चालू हवी. माशांच्या अंगातून बाहेर पडणारा अमोनिया पचवणारे जिवाणू त्यात वाढायला तेवढा वेळ लागतो. घाई केलीत, तर मासा त्या अमोनियानेच मरतो. आईबाबांना हेही आधीच सांगून ठेवा, की हा मासा दहा वर्षांहून जास्त जगू शकतो. तुम्ही कॉलेजात जाल तेव्हाही त्याला रोज कोणीतरी खायला घालायला हवं.

घेताना दोन लहान पिल्लं घ्या. नर-मादी विचारू नका, कारण ते अजून ठरलेलंच नसतं! त्यांच्यातलं जे मोठं आणि दांडगं होईल ते मादी बनेल, दुसरं नर. काही वर्षांनी त्यांनी एखाद्या गुळगुळीत दगडावर अंडी घातली, तर बाबा मासा आठवडाभर पंखांनी वारा घालत त्यांची राखण करेल. पिल्लांचे पट्टे मोजायचे असतील, तर रोटिफर नावाच्या सूक्ष्म जिवांची पैदास वेगळ्या भांड्यात आधीच सुरू करा. नवजात पिल्लांच्या तोंडात याहून फार मोठं काही मावतच नाही.