टोमॅटोची रोपे : आधी व्हरांडा, मग परसबाग

आपल्या मॉरिशसमध्ये टोमॅटोला सारेच पोमदामूर म्हणतात. चटणी असो की रुगाय, त्याच्यावाचून स्वयंपाक अडतो. पण मोठा पाऊस किंवा सायक्लोन येऊन गेला की बाजारात तोच महाग होतो आणि गृहिणीला हात आखडावा लागतो. घरामागे चार-सहा झाडे असली तर पुढे ही ओढाताण बरीच कमी होते. त्यासाठी बी सरळ जमिनीत न टाकता छपराखाली रोपे तयार करावीत.

थंड देशांत लोक घरात बी पेरतात ते बर्फाच्या भीतीने. आपल्याला भीती पावसाची. नोव्हेंबर ते एप्रिलच्या मुसळधार सरींत कोवळे रोप वाहून जाते, नाहीतर बुंध्याशी कुजते. व्हरांड्यातला डबा मात्र सायक्लोनचा इशारा मिळताच उचलून घरात घेता येतो. मार्चअखेर पेरलेल्या बियांची रोपे मे महिन्यात, हिवाळा लागताना, लावण्याजोगी होतात.

दुधाच्या भुकटीचा रिकामा डबा घ्यावा आणि तळाला भोके पाडावीत. मातीत चांगले कुजलेले खत मिसळून वर उकळते पाणी ओतावे व माती निवू द्यावी. रोप कुजविणारी बुरशी त्याने बरीच मरते. बी अर्धा सेंटीमीटर खोल पेरावे. साधारण आठवड्यात अंकुर दिसतात. मग भरपूर उजेड हवा. उजेड कमी पडला तर रोप उंच, बारीक आणि फिकट होते. वरची माती सुकल्यावरच सकाळी पाणी घालावे.

चार-पाच आठवड्यांत रोप सुमारे 15 सेंटीमीटर होते. तरी लावण्याची घाई करू नये. बालवर्गातल्या नव्या मुलाला जसे पहिल्या दिवशी थोडाच वेळ बसवतात, तसे रोपाला पहिल्या दिवशी तासभर ऊन दाखवावे आणि रोज वेळ वाढवावा. आठ-दहा दिवसांत ते ऊनवाऱ्याला सरावते. मग संध्याकाळी, 50 ते 60 सेंटीमीटर अंतरावर, खालच्या पानांपर्यंत खोल लावावे. मातीत गेलेल्या देठालाही मुळे फुटतात.

जागा निवडताना आधी तिथे वांगी, मिरची किंवा बटाटा नव्हता ना, हे पाहावे. ही सारी एकाच कुळातली पिके, आणि हिरवे झाड अचानक कोमेजवणारा जिवाणू त्यांच्या मातीत टिकून राहतो. शंका आल्यास कोमेजलेल्या झाडाच्या खोडाचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात धरावा. दुधासारखी धार खाली उतरली तर रोग तोच. त्यावर औषध नाही. झाड मुळासकट उपटून जाळावे आणि काही वर्षे तिथे मका किंवा कांदा घ्यावा.

वाचकहो, एका डब्यात वीसएक रोपे सहज होतात. आपल्यापुरती ठेवून बाकीची शेजाऱ्यांना द्यावीत.