जुने यंत्र आणि तरुण वैमानिक

जुन्या यंत्राविषयी आपल्याकडे दोन टोकांची मते आढळतात. कोणी म्हणतो, जुने ते सोने. कोणी म्हणतो, जुने ते भंगार. कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या आम्हां मंडळींना ही दोन्ही मते अपुरी वाटतात. यंत्राचे वय मोजण्याची रीत निराळी आहे. ती समजून घेतल्याखेरीज आपल्या सैन्यातील चेतक आणि चीता ह्या हेलिकॉप्टरांचा प्रश्न नीट उलगडणार नाही. नाशिकच्या श्रोत्यांना ही नावे परकी नाहीत. नाशिकरोडजवळच्या गांधीनगर येथील सैन्याच्या हवाई प्रशिक्षण विद्यालयात तरुण अधिकारी ह्याच यंत्रांवर शिकत आले आहेत.

प्रथम ह्या यंत्रांचे कूळ पाहू. चेतक म्हणजे मूळचे फ्रेंच 'आलुएत-३'. त्याचे पहिले उड्डाण १९५९ साली झाले. १९६२ साली परवान्याचा करार होऊन १९६५ पासून बंगळूरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये ते तयार होऊ लागले. चीत्याची कथा याहून लक्षात ठेवण्याजोगी आहे. हिमालयाच्या उंचीवर चालेल असे हेलिकॉप्टर भारताला हवे होते. त्या गरजेतूनच फ्रेंच कारखान्याने १९६८ मध्ये त्याची आखणी हाती घेतली आणि १९६९ साली ते उडाले.

उंचीवर अडचण कोणती? हेलिकॉप्टरची पाती हवा खाली ढकलतात, म्हणून ते वर राहते. वीस हजार फुटांवर हवा सुमारे निम्मी विरळ असते. पात्यांना ढकलावयास हवा कमी आणि इंजिनाला श्वास घ्यावयासही कमी, असा हा दुहेरी तोटा. त्यावर काढलेली युक्ती सोपी होती. आलुएत-२ चा हलका सांगाडा घेतला आणि त्यावर आलुएत-३ चे दणकट इंजिन, गिअरबॉक्स व पाती चढविली. जणू छोट्या छकड्याला मोटेचा बैल जुंपला. इंजिनाची अंगभूत ताकद सुमारे ८७० अश्वशक्ती, पण वापर ५५० चाच ठरविला. उरलेली ताकद विरळ हवेत उपयोगी पडते.

ह्या जोडीने १९७२ च्या जूनमध्ये १२,४४२ मीटर उंची गाठली. ज्याँ बुले हे वैमानिक होते. तेथे इंजिन विझले आणि पुन्हा पेटेना. वाऱ्यावर फिरणाऱ्या जत्रेतल्या भिरभिऱ्याप्रमाणे खालून येणाऱ्या हवेने पाती फिरत राहिली आणि बुले सुखरूप उतरले. १९८४ च्या एप्रिलमध्ये सियाचेनवर आपली पहिली तुकडी उतरविली तीही चीत्यांनीच. तेव्हापासून तेथील उंच ठाण्यांना रॉकेल, औषध आणि टपाल पोचविणे, आजारी जवानाला खाली आणणे, हे काम ते करीत आले. अगदी वरच्या ठाण्यांवर एका खेपेत जेमतेम वीस-पंचवीस किलो ओझे नेता येते.

आता वयाचा प्रश्न. हेलिकॉप्टरचे वय कॅलेंडरपेक्षा तासांवर मोजतात. इंजिन, गिअरबॉक्स, पाती ह्या प्रत्येकाचे ठराविक तास असतात. ते भरले की भाग उतरवून ओव्हरहॉलला जातो किंवा बाद होतो. त्यामुळे चाळीस वर्षांच्या यंत्रातील पुष्कळसे भाग बरेच तरुण असतात. ही किमया लोखंडाची नाही. रात्रपाळीत बोल्ट न् बोल्ट तपासून नोंदवहीत सही करणाऱ्या तंत्रज्ञाची ती आहे. त्याचे नाव वर्तमानपत्रात कधी येत नाही.

परंतु सुटा भाग बदलता येतो, मूळ आखणी बदलता येत नाही. काही चीत्यांना नवे इंजिन बसवून 'चीतल' केले गेले. तरी सांगाडा जुनाच राहिला. ज्या काळात हे यंत्र आखले त्या काळी स्वयंचलित चालक, हवामानाचे रडार, डोंगर जवळ आल्याची सूचना देणारे उपकरण ह्या गोष्टी अशा लहान हेलिकॉप्टरात नव्हत्या. दरीत अचानक ढग दाटले की वैमानिकाचे डोळे आणि अनुभव एवढेच त्याचे भांडवल. यंत्रात जे उणे, ते माणसाने आपल्या अंगावर भरून काढावयाचे. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये तवांगजवळ आणि २०२३ च्या मार्चमध्ये अरुणाचलातच मंडालाजवळ चीते कोसळले. पहिल्यात एक आणि दुसऱ्यात दोन वैमानिक गेले. ह्या अपघातांचे कारण यंत्राचे वयच होते, असे आम्ही म्हणत नाही. डोंगरातील हवा नव्या यंत्रालाही क्षमा करीत नाही. मात्र संकटाच्या क्षणी हाताशी किती साधने आहेत, हे आखणीच्या वर्षावर ठरते.

मग बदली का होत नाही? बदलीचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. १९७ हेलिकॉप्टरांची खरेदी २००७ मध्ये रद्द झाली. पुन्हा काढलेली निविदा २०१४ मध्ये रद्द झाली. २०१५ मध्ये रशियाशी 'कामोव्ह'चा करार झाला, तो पुरा झाला नाही. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे स्वतःचे हलके हेलिकॉप्टर २०१६ मध्ये उडाले आणि २०२० मध्ये सियाचेनच्या उंचीवरही उतरले. पण जुन्यांची जागा भरून निघेल इतकी संख्या हाती आली नाही. २०२५ मध्ये २०० हेलिकॉप्टरांसाठी उत्पादकांकडून पुन्हा माहिती मागविण्यात आली. प्रत्येक वेळी रद्द करण्यास कागदोपत्री कारण होते. अडचण एवढीच की, कागद थांबतो तेव्हा ठाण्यावरचा जवान थांबत नाही. त्याला रॉकेल लागतेच, आणि ते नेण्यासाठी कोणीतरी तेच यंत्र पुन्हा सुरू करतो.

२०१५ च्या मार्चमध्ये सैन्यातील अधिकाऱ्यांच्या पत्नींनी संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांना भेटून ही जुनी हेलिकॉप्टरे निवृत्त करण्याची मागणी केली. ही मागणी आम्हांला फार ओळखीची वाटते. जवानाला संघटना करता येत नाही, संप करता येत नाही, आणि शिस्तीच्या दृष्टीने ते योग्यही असेल. म्हणून त्याच्या घरच्या बायकांना बोलावे लागले. कारखान्यात जुन्या यंत्राची तक्रार नेली की हमखास मिळणारे उत्तर आम्ही ऐकलेले आहे: "चालते आहे ना?" चालते, हे खरे. पण ते कोण चालवितो आणि चालविण्याची किंमत कोणाच्या खात्यावर पडते, हे त्या उत्तरात येत नाही.

चीता हे उत्तम यंत्र होते. त्याने आपले काम मोबदल्याहून अधिक केले आहे. त्याचा मान राखण्याचा मार्ग एकच. प्रत्येक सुट्या भागाचे तास जसे आधी ठरलेले असतात, तशी संपूर्ण यंत्राच्या निवृत्तीची तारीखही आधी ठरावी, आणि ती चुकली तर लोकसभेत कोणीतरी उठून जाब विचारावा. जो स्वतः विचारू शकत नाही, त्याच्या वतीने विचारणे हे आपणां नागरिकांचे काम आहे.