पन्नास वाव खोलीचे घड्याळ

मनगटाच्या हालचालीबरोबर आतील रोटर फिरून स्प्रिंगला आपोआप चावी मिळते, असे पाणबुड्याचे स्वयंचलित घड्याळ आता घरबसल्या मागवता येते. परंतु ज्या गुणासाठी लाखो रुपये मोजायचे, तो पाणी रोखण्याचा गुण कोणत्याही छायाचित्रात दिसत नाही.

स्वित्झर्लंडच्या ब्लांपेन कंपनीने १९५३ साली आणलेल्या ‘फिफ्टी फॅदम्स’ या घड्याळाने या प्रकाराचे रूप बरेचसे ठरवून दिले. फॅदम म्हणजे आपल्या दर्यावर्दींची वाव, दोन्ही हात पसरल्यावर भरणारी सुमारे सहा फुटांची लांबी. त्या हिशेबाने पन्नास वाव म्हणजे सुमारे ९१ मीटर. काचेभोवतीचे फिरते कडे, म्हणजे बेझेल, बुडी घेताना मिनिटकाट्याशी जुळवले की पाण्याखाली गेलेली मिनिटे त्यावरून वाचता येतात. हे कडे काट्यांच्या उलट्या दिशेनेच फिरते, त्यामुळे चुकून धक्का लागला तरी गेलेला वेळ जास्त दिसतो आणि पाणबुडा उशिरा नव्हे, लवकर वर येतो. यंत्राने चुकायचेच तर जीव वाचेल अशा बाजूने चुकावे, इतका खोल विचार या साध्या कड्यात आहे.

आयएसओ ६४२५ या मानकानुसार अशा घड्याळाने किमान १०० मीटरचा दाब सोसला पाहिजे आणि प्रत्येक नगाची चाचणी लिहिलेल्या खोलीच्या सव्वापट दाबाखाली झाली पाहिजे. मात्र ही चाचणी घड्याळ नवे असतानाची. झाकणाखालचे आणि चावीच्या खुंटीजवळचे रबरी वायसर वर्षांनुवर्षे कडक होत जातात. म्हणून वापरलेल्या घड्याळाची मूळ पेटी आणि कागदपत्रे कितीही चोख असली, तरी विक्रेत्याकडे अलीकडच्या दुरुस्तीची नोंद मागणे अधिक मोलाचे ठरते.

रोलेक्स कंपनी नवी घड्याळे ऑनलाइन विकत नाही, हेही ठाऊक असावे. जुन्या नगाची तबकडी तर मोठी करून पाहावी: तळाशी ‘टी’ हे अक्षर असेल तर तिच्यावर ट्रिटियम हा किरणोत्सारी पदार्थ लावलेला असतो, त्याची शक्ती दर सुमारे १२ वर्षांनी निम्मी होते, आणि म्हणून १९७० च्या सुमाराचे घड्याळ आज अंधारात लख्ख चमकत असेल तर तबकडीवर नंतर कोणीतरी हात फिरवला आहे, असे समजावे.

घड्याळ हाती आल्यावर पाण्यात नेण्याआधी जाणत्या घड्याळजीकडून कोरडी दाबचाचणी करून घ्यावी. बंद पेटीत हवेचा दाब वाढवला की घट्ट बसलेले घड्याळ केसाहून कमी का होईना, दबते, आणि गळके घड्याळ हवा आत घेत असल्याने तसे दबत नाही.