चित्ता गेला, धाव उरली

तर मुलांनो, प्राणिसंग्रहालयात काळवीट तुम्ही पाहिला होतात, पण उभा. जो प्राणी धावण्यासाठीच घडला, तो धावतानाच पाहायला हवा. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत कर्जतच्या आत्याआजीकडे निघालो तेव्हाच मी ठरवलं होतं, की तिच्या हातचे हुलग्याचे शेंगोळे खाऊन झाले की तुम्हाला रेहेकुरीला न्यायचं. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हे काळवीट अभयारण्य १९८० सालचं. विस्तार जेमतेम २.१७ चौरस किलोमीटर.

चिनूनं गाडीतून उतरताच विचारलं, "आजोबा, इथं मोठी झाडंच नाहीत. हे कसलं जंगल?"

गवताचं जंगल, बाळा. पश्चिमेचे ढग सह्याद्रीवर रिते होतात आणि इकडच्या माळांना उरलासुरला पाऊस मिळतो. जमीन मुरमाड, पाणी धरून न ठेवणारी. इथं हिवर, बोर, बाभूळ तग धरतात, पण खरं राज्य गवताचं.

ओवीच्या मोज्यांत कुसळं घुसली होती. त्यातलं एक काढून मी तिच्या तळहातावर ठेवलं. एका टोकाला अणकुचीदार बी, त्यावर मागं वळलेले बारीक केस आणि वर पीळ पडलेली काळपट काडी. त्या काडीवर पाण्याचा थेंब सोडला आणि थोडं थांबलो. काडी आपोआप वळू लागली! ओवीनं दचकून हात मागं घेतला. हात कुणी लावला नव्हता की वारा नव्हता. काडीच्या एका भागातल्या पेशी ओलाव्यानं जास्त फुगतात, दुसऱ्या भागातल्या कमी, म्हणून पीळ सुटतो. वाळली की पुन्हा पीळ बसतो. रात्रीचं दव आणि दिवसाचं ऊन आलटून पालटून तिला फिरवत राहतात, आणि तिच्या टोकाचं बी गिरमिटासारखं जमिनीत शिरतं. उलटे केस त्याला मागं येऊ देत नाहीत.

तेवढ्यात कळप दिसला. बदामी रंगाच्या माद्या आणि मधोमध एक काळाभोर नर. पोट पांढरं, डोळ्यांभोवती पांढरी कडी, डोक्यावर पिळदार शिंगं. चितळ-सांबरांची शिंगं भरीव हाडाची असतात, ती गळतात आणि पुन्हा उगवतात. काळविटाची जन्मभर राहतात. आत हाडाचा गाभा आणि वर आपली नखं ज्या द्रव्याची असतात त्याच द्रव्याचं आवरण. गाय, म्हैस, शेळी यांची शिंगंही अशीच, कारण काळवीट त्यांच्याच कुळातला. चितळापेक्षा आत्याआजीच्या दावणीची शेळी त्याला नात्यानं जवळची!

तो नर मध्येच थांबून डोळ्याजवळचा भाग गवताच्या काडीला घासत होता. तिथं त्याची गंधग्रंथी असते. जवळच त्याच्या लेंड्यांचा ढीग होता. रोज त्याच जागी लेंड्या टाकून तो आपली हद्द सांगतो.

मग कुठूनतरी कुत्रं भुंकलं. एका मादीनं उंच उडी घेतली, मागोमाग दुसरीनं, आणि सगळा कळप सुटला. चिनू श्वास रोखून पाहत होता. काळवीट ताशी ८० किलोमीटरच्या आसपास वेग गाठू शकतो.

"पण एवढं जोरात कशाला?" चिनूनं विचारलं. "लांडगा तर इतका पळत नाही."

अगदी नेमका प्रश्न. या माळांवर काळविटाच्या मागं एके काळी चित्ता लागायचा, जमिनीवरचा सगळ्यांत वेगवान प्राणी. कोल्हापूर संस्थानात तर काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते पाळत असत. भारतातले अखेरचे ज्ञात तीन चित्ते १९४७ साली, आज छत्तीसगडमध्ये असलेल्या कोरियाच्या राजानं मारले, आणि १९५२ साली चित्ता देशातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. २०२२ साली मध्य प्रदेशातल्या कुनोत आफ्रिकेतले चित्ते आणून सोडले, पण रेहेकुरीचा माळ चित्त्याविनाच आहे. तरी काळविटाचे पाय अजून त्याच वेगाचे आहेत. हजारो पिढ्या जे हळू होते ते मारले गेले आणि जे चपळ होते त्यांची पिल्लं जगली, तेव्हा कुठं असे पाय घडले. शिकारी पन्नास-शंभर वर्षांत संपतो, पण त्यानं घडवलेलं शरीर इतक्यात बदलत नाही.

असा प्राणी टिकवायचा तर नुसता प्राणी राखून भागत नाही. त्याला दूरवर नजर पोचेल आणि मनसोक्त धावता येईल अशी उघडी जमीन लागते. दाट झाडी त्याच्या कामाची नाही. कित्येक वर्षं आपण माळाला पडीक म्हणत आलो आणि कुठं तो नांगरला, कुठं त्यावर झाडं लावून टाकली. म्हणून उद्या शाळेतून रोपं घेऊन एखाद्या माळावर निघालात, तर खड्डा खणण्याआधी गुरुजींना एवढं विचारा, की इथं आधीपासून कोण राहतं?