जाताना आठ तास, येताना सात

लंडन ते न्यूयॉर्क हवाई अंतर साधारण ५,५५० किलोमीटर. जाताना सुमारे आठ तास लागतात, परतताना मात्र जेमतेम सात. पृथ्वी फिरते म्हणून हा फरक पडतो, असं अनेकांना वाटतं. पण पृथ्वीबरोबर वातावरणही फिरतं, त्यामुळे तो हिशेब इतका सरळ नाही.

खरं कारण वारा. सुमारे दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचा अरुंद पट्टा वाहतो, तो जेट स्ट्रीम. उष्ण आणि ध्रुवीय हवेच्या तापमानातल्या तफावतीतून तो जन्मतो. पृथ्वीचं फिरणं त्याला पूर्वेकडे वळवतं. हिवाळ्यात त्याचा जोर वाढतो.

फेब्रुवारी २०२० मध्ये, सियारा वादळाच्या वेळी, ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं! जमिनीच्या तुलनेत वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला, तरी ध्वनीची मर्यादा ओलांडली गेली नाही. ती मोजायची भोवतालच्या हवेच्या तुलनेत, आणि इथे हवाच धावत होती. मला हे फार विलक्षण वाटतं.

तिकिटावरच्या वेळा त्या त्या शहराच्या घड्याळाप्रमाणे असतात. प्रवासाचा खरा काळ काढताना बहुतेक वर्षभर असणारा पाच तासांचा फरक जरूर धरा.