पानांच्या अर्काचा व्यापार : माल ओळखावा कसा?

शेवगा, तुळस, हिरवा चहा अशा पानांच्या अर्काची एजन्सी देऊ करणारे लोक हल्ली गावोगाव फिरताना दिसतात. प्रत्येकाच्या पत्रकावर एक शब्द हमखास असतो, अँटिऑक्सिडंट. आमच्या पेठेतील दोन तरुणांनी कापडाच्या धंद्यातले भांडवल काढून अशाच एका कंपनीकडे डिपॉझिट भरले. शेवग्याच्या पानांच्या अर्काच्या बाटल्या आल्या, पण गिऱ्हाईक आले नाही. मग ते पत्रक घेऊन आमच्याकडे आले. आम्ही कापडवाले, हकीम किंवा वैद्य नव्हे. तरी चौकशीतून जे समजले ते व्यापारी बांधवांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहोत.

हा शब्द आम्हाला कोठे भेटला

अँटिऑक्सिडंटशी आमची पहिली ओळख पिवळ्या पडलेल्या कापडामुळे झाली. पांढऱ्या मलमलीचे तागे प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून ठेवले होते. पावसाळ्यानंतर उघडले तर घड्यांच्या कडा पिवळ्या! आम्ही प्रोसेसवाल्याला दोष दिला आणि त्याचे पैसे अडवून ठेवले. पुढे एका जाणकाराने ते तागे उन्हात टाकायला सांगितले आणि डाग उडाले. दोष त्या बिचाऱ्याचा नव्हताच. प्लास्टिक लवकर खराब होऊ नये म्हणून त्यात बीएचटी नावाचे अँटिऑक्सिडंट घालतात. ते पिशवीतून कापडावर उतरते आणि गाड्यांच्या धुरातील नायट्रोजनच्या वायूंशी मिळून पिवळे होते. आम्ही त्याचे पैसे चुकते केले आणि माफीही मागितली.

काम काय करते?

तेल खवट होते, कापलेले सफरचंद काळे पडते, हे सारे हवेतील ऑक्सिजनचे काम. तेलात हे घडताना असे कण तयार होतात की ज्यांच्यात एक इलेक्ट्रॉन एकटा पडलेला असतो. असा कण शेजाऱ्याकडून ओढून घेतो, मग शेजारी पुढच्याकडून, आणि ही साखळी चालू राहते. अँटिऑक्सिडंट स्वतःजवळचा हायड्रोजन देऊन ही साखळी तोडते.

पानांत ही शक्ती मुख्यतः पॉलिफेनॉल जातीच्या द्रव्यांची असते. शेवग्याच्या पानांत क्वेर्सेटिन व क्लोरोजेनिक आम्ल, हिरव्या चहात कॅटेचिन, तुळशीत रोझमॅरिनिक आम्ल व युजेनॉल. रोझमेरीच्या पानांच्या अर्काला युरोपीय संघाने २०१० साली ई ३९२ हा क्रमांक देऊन खाद्यपदार्थांत वापरण्यास मान्यता दिली. तेल व तेलकट पदार्थ टिकवण्यासाठी तो वापरतात. म्हणजे या मालाला खरी मागणी आहे, सगळीच हवा नाही.

नाव एक, माल वेगळा

गोंधळ 'अर्क' या शब्दात आहे. युनानी दुकानातला बडीशेपेचा अर्क भबक्यातून वाफेने उतरवलेला असतो. वाफेबरोबर सुगंधी द्रव्ये येतात, पॉलिफेनॉल येत नाहीत, ते भांड्यातच राहतात. प्रयोगशाळेतील लोक ज्याला अर्क म्हणतात तो निराळा. वाळलेली पाने पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये भिजवून, गाळून, तो द्रव आटवून काढलेले ते घट्ट सत्त्व असते. आमच्या तरुणांच्या पत्रकावर चाचणी छापली होती अल्कोहोलच्या अर्काची, आणि बाटलीत होते भबक्याचे पाणी. नमुना एका मालाचा आणि ठाणे दुसऱ्याच मालाचे, असाच हा प्रकार.

चाचणीचा आकडा

सर्वांत प्रचलित चाचणी डीपीपीएच. जांभळ्या द्रावणात अर्क घातला की ते पिवळसर होत जाते. रंग निम्मा उतरवायला किती अर्क लागला, तो आकडा आयसी-५०. आकडा जितका लहान, तितका माल जोरदार. पत्रकात मोठा आकडा पाहून खूश होणारे येथेच फसतात.

पण ही परीक्षा काचेच्या नळीतली आहे, शरीरातली नव्हे. अमेरिकेच्या कृषी खात्याने अशाच आकड्यांची आपली यादी २०१२ साली मागे घेतली, कारण जाहिरातीत तिचा गैरवापर होत होता. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष १९९४ साली आला. बीटा-कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी १८ टक्क्यांनी वाढलेला आढळला. हिरव्या चहाच्या दाट अर्कातून ईजीसीजी हे कॅटेचिन रोज ८०० मिलिग्रॅम वा अधिक पोटात गेल्यास यकृतावर ताण येऊ शकतो, असे युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ साली सांगितले. चहा पिणे वेगळे आणि त्याचे सत्त्व गोळीत भरणे वेगळे.

पैसे देण्यापूर्वी

१) वनस्पतीचे शास्त्रीय नाव आणि कोणता भाग वापरला, हे लेखी घ्यावे.

२) भबक्याचा अर्क की सत्त्व? पाण्यातले की अल्कोहोलमधले? १०:१ म्हणजे दहा किलो पानांचे एक किलो सत्त्व, पण पाने ओली की वाळलेली, हेही विचारावे. ताज्या पानात तीन चतुर्थांशाच्या आसपास पाणीच असते.

३) चाचणीचा कागद त्याच लॉटचा आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा असावा.

४) खाद्य म्हणून विकायचे तर अन्नसुरक्षा परवाना लागतो. युनानी वा आयुर्वेदिक औषध असेल तर उत्पादकाकडे औषधाचा परवाना हवा.

५) लेबलवर मधुमेह वा कर्करोग बरा करण्याचा दावा असेल तर माल दुकानात ठेवूच नये. १९५४ च्या औषधी व जादूई उपाय कायद्याने अशा जाहिरातीस बंदी आहे.

आमच्या तरुणांच्या बाटलीवर मधुमेहाचा दावा होता, म्हणूनच औषध दुकानदारांनी ती घेतली नाही. त्यांचे डिपॉझिट अद्याप परत आलेले नाही. कापड घेताना आपण पदर उलटून पाहतो, सूत मोजतो, रंग धुऊन पाहतो. तीच सवय नव्या धंद्यातही सोबत न्यावी, एवढेच आमचे सांगणे आहे.