ट्रम्पेटला भाता हवा

संगणकावर ट्रम्पेट वाजवायला बसलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत हमखास निराश होतो. सॉफ्टवेअर चांगलं असतं, कीबोर्ड चांगला असतो, पट्टी दाबली की आवाजही थेट ट्रम्पेटचाच येतो. पण चार-पाच स्वर पुढे गेलं की काहीतरी मेल्यासारखं वाटू लागतं. वरातीच्या बँडमधला नवशिकासुद्धा याहून जिवंत वाजवतो. मग माणूस आणखी महाग सॉफ्टवेअर शोधायला लागतो, आणि इथेच त्याची वाट चुकते.

उत्तर आपल्याकडे जुनंच आहे. पेटी आठवा. उजवा हात स्वर निवडतो, डावा हात भाता हलवतो. भाता थांबून हवा संपली की पट्टी कितीही दाबून धरा, आवाज नाही. स्वर कोणता हे एक काम आणि तो क्षणोक्षणी किती भरायचा हे दुसरं काम, अशी सरळ वाटणी. पियानोचं तसं नाही. हातोडी तारेवर आदळली की वाजवणाऱ्याचं काम जवळजवळ संपलं, पुढे स्वर आपला आपण विरत जातो. संगणकाला जोडायचा साधा मिडी कीबोर्ड या पियानोच्या घराण्यातला. पट्टी किती वेगाने खाली गेली ते तो एकदाच मोजतो आणि १ ते १२७ मधला एक आकडा पाठवून मोकळा होतो. त्याला व्हेलॉसिटी म्हणतात. ट्रम्पेटच्या स्वराचं भवितव्य असं सुरुवातीलाच ठरवता येत नाही. तो शेवटपर्यंत फुंकावा लागतो.

म्हणून आधी खऱ्या ट्रम्पेटमध्ये काय घडतं ते पाहू.

ओठ मिटून त्यांतून हवा सोडली की ते फुरफुरतात. वाद्याच्या मुखात ही फुरफुर शिरते आणि सुमारे दीड मीटर लांबीच्या, गुंडाळलेल्या पितळी नळीशी तिची सांगड बसते. नळी हवे ते सगळे स्वर देत नाही. खुल्या नळीतून, ओठ कमी-जास्त ताणून, सा, प, तार सा, मग त्याच्या वरचे ग आणि प असे ठरावीक स्वरच निघतात. परेडचा बिगुल तेवढ्यावरच भागवतो, आपल्या तुतारीलाही हीच मर्यादा आहे. ट्रम्पेटला तीन व्हॉल्व्ह आहेत ते मधल्या जागा भरण्यासाठी. मधला दाबला की नळी थोडी लांब होते आणि स्वर अर्ध्या स्वराने उतरतो, पहिल्याने एक स्वर, तिसऱ्याने दीड. तिन्ही मिळून सहा अर्धे स्वर. सा आणि प यांच्यात नेमके तेवढेच स्वर रिकामे असतात. तीन बोटांत हा सगळा हिशोब बसवणाऱ्याला मी मनातल्या मनात नेहमी दाद देतो.

पण आपल्या कामाची खरी गोष्ट पुढे आहे. ट्रम्पेट जोरात वाजवला की तो नुसता मोठा होत नाही, उजळ होतो. हळू फुंकलेला स्वर गोल, मऊ, जवळजवळ बासरीकडे झुकणारा असतो. जोर वाढत गेला की त्यात वरचे स्वरांश मिसळत जातात आणि शेवटी ती ओळखीची पितळी धार येते. १९६०च्या दशकात ज्याँ-क्लोद रिसे या फ्रेंच संगीतकाराने अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये संगणकावर ट्रम्पेटच्या स्वराची चिरफाड केली, तेव्हा त्याला हेच सापडलं: आवाजाची पातळी आणि उजळपणा एकमेकांना बांधलेले आहेत. ट्रॉम्बोनच्या बाबतीत तर १९९६ साली हिर्शबर्ग आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की खूप जोरात फुंकल्यावर नळीतली दाबाची लाट पुढे जाता जाता इतकी उभी होते की तिचा धक्कातरंग बनतो. सुपरसॉनिक विमानाच्या कडाक्याचा हा घरगुती भाऊबंद.

आता संगणकावर नुसता व्हॉल्यूम वरखाली केला तर काय होईल? तोच मऊ स्वर मोठा ऐकू येईल, किंवा तीच धार लांबून आल्यासारखी वाटेल. फुंकणारा माणूस त्यात कुठे दिसणार नाही.

इथे ब्रेथ कंट्रोलर येतो. त्याची कल्पना अगदी साधी आहे: तोंडात धरायची नळी आणि तिच्या टोकाला हवेचा दाब मोजणारा सेन्सर. दाब मोजून तो सेकंदाला अनेकदा ० ते १२७ मधले आकडे पाठवत राहतो. यामाहाने १९८३च्या आपल्या डीएक्स-७ सिंथेसायझरला यासाठी वेगळी खाच ठेवली होती. मिडी या भाषेत फुंकरीसाठी दोन नंबरचा संदेश राखून ठेवला आहे, एक नंबर कंपाच्या चाकाचा, अकरा नंबर एक्स्प्रेशनचा. हे तीन आकडे पाठ असले की निम्मं सेटिंग झालं.

वाद्याच्या आकाराचे कंट्रोलरही आहेत. अमेरिकेतला नाइल स्टाइनर हा स्वतः ट्रम्पेट वाजवणारा. त्याने १९७०च्या दशकात ईव्हीआय नावाचं वाद्य बनवलं. उजव्या हाताला ट्रम्पेटसारखे तीन व्हॉल्व्ह, डाव्या हातात फिरणारा डबा, तो फिरवला की सप्तक बदलतं. ओठांच्या ताणाचं काम असं हाताकडे आलं. त्याचंच सॅक्सोफोनच्या बोटांचं भावंड म्हणजे ईडब्ल्यूआय. अकाई कंपनीने १९८७ मध्ये दोन्ही बाजारात आणली आणि मायकेल ब्रेकरसारख्या सॅक्सोफोनवाल्याने दुसरं नावारूपाला आणलं. ईडब्ल्यूआयच्या कळा दाबाव्या लागत नाहीत, बोटाचा नुसता स्पर्श पुरतो. म्हणून बोट चुकून टेकलं तरी स्वर बदलतो, आणि पहिले काही आठवडे हात कुठे ठेवावेत हेच कळत नाही.

मी स्वतः कीबोर्ड आणि तोंडात नळी या जोडीवर स्थिरावलो. पेटीची सवय होती, म्हणून. फरक इतकाच की भाता आता डाव्या हातात न राहता छातीत आला. डावा हात रिकामा झाला, तो पिच बेंडच्या आणि कंपाच्या चाकावर जातो.

सॉफ्टवेअरकडे वळू. जुनी पद्धत नमुन्यांची: खऱ्या वादकाकडून प्रत्येक स्वर हळू, मध्यम, जोरात असा वाजवून घ्यायचा आणि फुंकरीप्रमाणे एका ध्वनिमुद्रणातून दुसऱ्यात सरकायचं. वाद्यमेळ्यासाठी ते चालतं. एकट्या ट्रम्पेटला चालत नाही. सरकताना मधल्या टप्प्यावर दोन ध्वनिमुद्रणं एकत्र वाजतात, त्यांच्या लाटा एकमेकींशी जुळत नाहीत आणि एकाच्या जागी दोन वादक एका खोलीत उभे असल्यासारखं ऐकू येतं. सॅम्पलमॉडेलिंग या कंपनीने यावर तोड काढली. नमुन्यांतले स्वरांश आधीच एका रेषेत आणून ठेवायचे, म्हणजे सरकताना सांधा कळत नाही. दुसरा मार्ग इटलीच्या ऑडिओ मॉडेलिंगच्या स्वॅम वाद्यांचा. त्यांत ओठ, नळी, घंटेसारखं तोंड यांचं गणितच सोडवलं जातं आणि आवाज त्याच क्षणी तयार होतो. अशा वाद्यात पट्टी दाबली आणि फुंकलं नाही तर शांतता असते. मला ते फार आवडतं. पेटीच्या बाबतीत हे कुणाला सांगावं लागत नाही.

सेटिंग करताना तीन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली, जोडणी. कंट्रोलर दोन नंबरवर बोलतो आणि बरीचशी वाद्यं अकरावर ऐकतात. त्यामुळे फुंकून फुंकून दमलात तरी आवाज येत नाही. वाद्यातल्या मिडी लर्नवर टिचकी मारून एकदा फुंकलं की काम होतं. दुसरी गोष्ट, उशीर. सेकंदाला ४८,००० नमुने आणि १२८ चा बफर धरला तर साधारण पावणेतीन मिलिसेकंद जातात. तेवढ्यात आवाज हवेतून जेमतेम एक मीटर चालतो, म्हणजे ट्रम्पेट हातभर पुढे धरल्यासारखंच. बफर १०२४ वर गेला की जीभ आधी आणि स्वर नंतर, असा खोळंबा सुरू होतो.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची आणि सगळ्यांत दुर्लक्षित: फुंकरीचा वक्र. किती दाबाला किती आकडा, हे तुम्ही ठरवायचं असतं. मी सुरुवातीला आले तसेच आकडे ठेवले. १२७ गाठायला गाल फुगवून फुंकावं लागे. पंधरा मिनिटांत डोळ्यांपुढे काजवे, आणि वर बायकोचा प्रश्न, “अहो, फुगे फुगवताय का?” मग संवेदनशीलता वाढवली, जोरदार पण सोयीच्या फुंकरीला ११५ च्या आसपास आकडा येईल अशी. वरचे दहा-बारा शिल्लक ठेवले, कधीतरी फोडायला. वक्राचा खालचा भागही जरा सपाट केला, कारण हळू वाजवणं तिथेच राहतं, आणि बोटभर जागेत पन्नास आकडे कोंबले की कुणाचाही श्वास थरथरतो. नळीतून हवा बाहेर पडायला बारीक वाट असावी, किंवा ओठाच्या कोपऱ्यातून ती सोडावी. हवा कोंडली तर दाब भरतो पण श्वास सुटत नाही, आणि काही वेळाने जीव घुसमटतो.

आता वाजवायला घ्या, आणि पहिला आठवडा एकच स्वर. शून्यातून उचलायचा, चार मात्रांत पूर्ण भरायचा, चार मात्रांत शून्यावर आणायचा. सुरुवातीला रेघ जिन्यासारखी जाते. जमलं की कळतं, उजळपणा नेमका कुठे फुटतो. माझ्याकडे तो ९० च्या पुढे फुटतो. तेव्हापासून मी ओळीतला एखादाच स्वर त्या रेषेपलीकडे नेतो. सगळेच नेले की बँडबाजा होतो.

मग जीभ. ट्रम्पेटवाले मनात ‘तु’ म्हणत स्वर सुरू करतात, जलद असेल तर ‘तु-कु, तु-कु’. नळीत तसंच म्हणायचं. दाब क्षणभर तुटतो आणि पुन्हा चढतो. जोडून वाजवायचं असेल तर फुंकर चालू ठेवून, आधीची पट्टी सोडायच्या आत पुढची दाबायची. बऱ्याच वाद्यांत अशा जोडलेल्या स्वरांना व्हेलॉसिटीचा वेगळाच उपयोग असतो: पट्टी हळू दाबली तर मींड लांब, झटक्यात दाबली तर खटका. पियानोवरून आलेल्याला हे उलटं वाटतं, पण बोटांना ते लवकर पटतं.

कंप चाकावर ठेवा, आपोआप सुरू होणारा नको. सेकंदाला पाच-सहा हेलकावे पुरतात, तेही स्वर स्थिरावल्यावर. ईडब्ल्यूआयवर हे काम दातांकडे असतं, मुखपट्टी किंचित चावायची. आणि पिच बेंडचा मोह आवरा. ट्रॉम्बोनच्या सरकनळीलासुद्धा सातच जागा आहेत, त्यामुळे अखंड मींड फार तर सहा अर्ध्या स्वरांची, सा पासून तीव्र मध्यमापर्यंत. त्यापुढे खऱ्या वादकाला ओठ बदलावे लागतात. संगणकावर सप्तकभर सरळ घसरगुंडी केली की जाणकाराला लगेच कळतं. ट्रम्पेटचा शेवटी पडणारा स्वरही गुळगुळीत पडत नाही, तो पायऱ्यांवर अडखळत गडगडतो.

हे सगळं कुठे ऐकायचं? गोव्यातल्या हळदोण्याचे अँटोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, मुंबईत ट्रम्पेट वाजवत आणि संगीतकार सी. रामचंद्रांबरोबर काम करत. १९५१च्या ‘अलबेला’ चित्रपटाच्या गाण्यांतले पितळी वाद्यांचे तुकडे कान देऊन ऐका. स्वर कुठे सुरू झाला याकडे लक्ष देऊ नका, तो कसा संपवला ते ऐका.

तीन ट्रम्पेट हवे असतील तर तीनदा वाजवा. मी एकदा आळस करून एकच ओळ तीन वाद्यांवर चिकटवली होती. तीन वादक काही दिसले नाहीत, एकच लठ्ठ वादक मिळाला. वेगळं वाजवलं की प्रत्येक वेळी श्वास जरा वेगळ्या जागी संपतो आणि स्वर केसभर मागेपुढे पडतात. तेवढंच हवं असतं.

रेकॉर्डिंग झाल्यावर पडद्यावर फुंकरीची रेघ दिसते, डोंगरासारखी चढत-उतरत. माऊसने ती गुळगुळीत करता येते आणि मी बरेच दिवस करत असे. परवा एका ओळीत शेवटच्या स्वराला श्वास पुरला नाही, रेघ अर्ध्यावरच खाली आली. ती तशीच ठेवली, नळी काढून झटकली आणि उन्हात वाळत टाकली.